मिरचीच्या फुलातला तपकिरी थ्रिप्स कोणता? रंग सोडा, केस मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जयसिंगपूरजवळच्या एका शेतकरी बंधूंची शेडनेटमध्ये ढोबळी मिरची आहे आणि बांधाला दसऱ्यासाठी लावलेला झेंडू आहे. दोन्ही फुलांत तपकिरी-काळसर फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स, सापडतात. यूएसबी मायक्रोस्कोपने काढलेले दोन फोटो त्यांनी पाठवलेत. औषध दुकानदाराने हा ‘ब्लॅक थ्रिप्स’ असल्याचं सांगितलं, मोबाइलमधलं अ‍ॅप ‘वेस्टर्न फ्लॉवर थ्रिप्स’ म्हणतंय, आणि कोल्हापुरात शेतीचं शिक्षण घेणारा पुतण्या म्हणतो की हा नेहमीचा हवाईएन्सिस आहे. तिघांपैकी बरोबर कोण, आणि शरीराच्या खुणांवरून ते आपलं आपल्याला कसं ठरवता येईल?

आधी फोटोंबद्दल सांगतो. मिरचीच्या फुलातला किडा थ्रिप्स पार्विस्पिनस किंवा थ्रिप्स हवाईएन्सिस या दोघांपैकी एक असण्याची शक्यता सर्वात जास्त आहे. दुकानदार ज्याला ब्लॅक थ्रिप्स म्हणतो तो पार्विस्पिनस. म्हणजे दुकानदार किंवा पुतण्या, दोघांपैकी कुणीतरी बरोबर असेल; पण कोण, हे या फोटोवरून मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. अ‍ॅपचं उत्तर मात्र मला पटत नाही, त्याचं कारण पुढे येईल. झेंडूतला किडा तर मला तिसराच वाटतो.

एवढी काटेकोरी कशासाठी, असं वाटेल. पार्विस्पिनस हा आग्नेय आशियातला किडा. भारतात त्याची पहिली नोंद 2015 मध्ये बेंगळुरूला पपईवर झाली आणि 2021 मध्ये आंध्र-तेलंगणात मिरचीच्या फुलांत त्याने हाहाकार माजवला. फुलांत झुंडीने राहतो, फुलं गळतात, फळं वेडीवाकडी होतात. हवाईएन्सिस आपल्याकडे जुना रहिवासी आहे, असंख्य फुलांत परागकण खात राहतो. संख्या फार वाढली तरच त्रास देतो. एकाच्या नावाने दुसऱ्यावर फवारण्या केल्या तर पैसा जातो आणि फुलातले मित्रकीटकही मरतात. गडहिंग्लजकडे संकेश्वरी मिरचीवर पूर्वापार ‘बोकड्या’ ओळखीचा आहे. म्हणजे पाने चुरडण्याचा रोग; तो आणणारा थ्रिप्स, स्किर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस, कोवळ्या शेंड्यात राहतो. त्याची सवय वेगळी, म्हणून त्याचा इलाजही वेगळा. नावात चूक झाली की पुढचं सगळंच चुकत जातं.

रंगाबद्दल एकदाच काय ते सांगून टाकतो. रंग ही थ्रिप्समधली सर्वात फसवी खूण आहे. कांद्यावरचा थ्रिप्स टॅबॅसी उन्हाळ्यात फिकट पिवळा दिसतो आणि थंडीत तोच तपकिरी होतो. हवाईएन्सिसच्या माद्या कधी पूर्ण तपकिरी असतात, तर कधी डोकं-छाती नारिंगी-फिकट आणि पोट गडद अशा दुरंगी. पार्विस्पिनसच्या मादीचंही डोकं आणि छाती पोटापेक्षा फिकट, पाय पिवळे. म्हणजे तुमच्या फोटोत दिसतं ते वर्णन दोघांनाही तंतोतंत लागू पडतं. त्यातच नर नेहमी लहान आणि फिकट असतात, त्यामुळे एकाच फुलात एकाच जातीचे दोन रंगांचे किडे दिसले की लोक दोन जाती समजतात. पिकावरूनही नाव ठरत नाही. हे सगळे बहुभक्षी, मिरचीच्या फुलात एकाच वेळी दोन-तीन जाती सुखाने नांदतात.

रंगात एक गोष्ट मात्र उपयोगाची आहे: पंखांचा रंग. किडा बसलेला असताना पंख पाठीवर मिटलेले असतात. ते गडद असतील आणि मुळाशी, छातीच्या लगेच मागे, फिकट ठिपका असेल तर तो किडा पार्विस्पिनस-हवाईएन्सिसच्या बाजूचा समजा. वेस्टर्न फ्लॉवर थ्रिप्स म्हणजे फ्रँकलिनिएला ऑक्सिडेंटॅलिस, त्याचे पंख फिकट असतात. फ्रँकलिनिएला शुल्ट्झी आपल्याकडे टोमॅटोच्या आणि कापसाच्या फुलात नेहमी भेटतो. तो कितीही काळा असला तरी त्याचे पंख फिकटच. तुमच्या पहिल्या फोटोत पंख गडद आहेत आणि मुळाशी पांढुरका ठिपका स्पष्ट आहे. अ‍ॅपचं उत्तर मी बाजूला ठेवलं ते यामुळेच.

आता खऱ्या ओळखीकडे वळू. पहिली अट, किडा प्रौढ मादी हवा. पंख नसलेली पिवळी पिल्लं घेऊन बसू नका. पिल्लांवरून जात ओळखणं अनुभवी माणसालाही जड जातं. मादी ओळखायला सोपी: पोटाचं टोक निमुळतं असतं आणि खालच्या बाजूला अंडी घालण्याची छोटी करवत दिसते. नराचं टोक बोथट असतं, करवत नसते, आणि पोटाखालच्या पट्ट्यांवर फिकट आडवे डाग, म्हणजे ग्रंथींच्या जागा, दिसतात. हे डाग पाहून काहींना तो वेगळाच किडा वाटतो. तो फक्त नर असतो.

दुसरं, पोटाचं टोक नळीसारखं लांब आहे का ते पाहा. नळी असेल, किडा काळाभोर असेल आणि पंखावर एकही शीर नसेल तर तो वेगळ्याच उपगणातला आहे. गवताच्या तुऱ्यात आणि शेवंती-झेंडूच्या कुळातल्या फुलांत मिळणारे हॅप्लोथ्रिप्स त्यातलेच. त्यांच्या पंखाला मध्यावर कंबर असते. ‘काळा’ हा शब्द ऐकून याच गरीब किड्याला ब्लॅक थ्रिप्स समजून फवारणी करणारे मला बरेच भेटले आहेत. आणि पंख रुंद, त्यावर गडद-पांढरे आडवे पट्टे, शृंगिकेला, म्हणजे डोक्यावरच्या मिशीला, नऊ खंड असा किडा दिसला तर तो एओलोथ्रिप्सच्या कुळातला. त्यातले बरेच इतर थ्रिप्सची पिल्लं खातात, तेव्हा त्याला मारू नका.

भिंगाची आणि यूएसबी मायक्रोस्कोपची मजल इथपर्यंतच. पुढे संयुक्त सूक्ष्मदर्शक आणि काचपट्टी लागते. पुतण्याच्या महाविद्यालयात चारशेपट मोठं दाखवणारा साधा मायक्रोस्कोप असेलच, तेवढा पुरे. फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे पारदर्शक भाग ठळक दाखवणारी सोय, मिळाली तर दुधात साखर.

किडे गोळा करताना मिरचीची फुलं सकाळी पांढऱ्या ताटात झटका आणि पडलेले किडे ओल्या बारीक ब्रशने उचलून छोट्या कुपीत टाका. साध्या पाण्यात टाकू नका, कुजतात. हातावर चोळायच्या जेलमध्ये तर नकोच. माझी पसंती 60 टक्के अल्कोहोल दहा भाग, ग्लिसरीन एक भाग आणि अ‍ॅसिटिक आम्ल एक भाग या मिश्रणाला, कारण त्यात किडा मऊ राहतो, पंख उघडतात आणि पाय मोडत नाहीत. नुसत्या अल्कोहोलमध्ये किडे ताठ होतात आणि काचपट्टीवर शृंगिका तुटतात. पण डीएनए तपासणी करायची असेल तर काही किडे वेगळ्या कुपीत, 95 टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये, फ्रीजमध्ये ठेवा. आम्लाच्या मिश्रणात डीएनए टिकत नाही. कुपीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी हवी: गाव, तालुका, पीक, फूल की पान, तारीख, कुणी गोळा केले. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. मिरचीची आणि झेंडूची कुपी वेगळी ठेवा. हे क्षुल्लक वाटतं, पण चिठ्ठी नसलेल्या नमुन्याचा पुढे कुणालाच उपयोग होत नाही.

काचपट्टीसाठी गडद किडा आधी पाच टक्के कॉस्टिक सोड्याच्या थंड द्रावणात ठेवतात. आतला मांसल भाग विरघळतो आणि कातडीवरचे केस स्वच्छ दिसतात. तासाभराने पाहा, गडद माद्यांना रात्रभरही लागतं. सोडा हाताला लागू देऊ नका, डोळ्यांना तर अजिबात नाही. मग पाण्याने धुऊन, चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून काढून, लवंग तेलात पारदर्शक करून कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत बसवायचा. पाठ वर, पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, शृंगिका सरळ. फक्त ओळखीपुरतं काम असेल तर हॉयरच्या माध्यमात (डिंकाच्या पातळ मिश्रणात) तात्पुरती काचपट्टीही चालते. पंख पसरलेच पाहिजेत. पाठीवर मिटलेल्या पंखाखाली निम्म्या खुणा झाकल्या जातात. हे काम पुतण्याने घाई न करता केलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिली नजर डोक्यामागच्या पट्टीवर, म्हणजे छातीच्या पहिल्या खंडावर टाका. तिच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना दोन-दोन लांब केस असतात. ते ‘थ्रिप्स’ नावाच्या प्रजातीतही (इथे सगळे फुलकिडे नव्हे; पार्विस्पिनस, हवाईएन्सिस, पाल्मी, टॅबॅसी या जाती ज्यात येतात तो गट) असतात आणि फ्रँकलिनिएलातही. फरक पुढच्या कडेला आहे. फ्रँकलिनिएलाच्या पुढच्या कडेलाही तसेच लांब, ठळक केस असतात. थ्रिप्सच्या पुढच्या कडेला फक्त बारीक लव असते. सगळ्या खुणांत हीच मला सर्वात भरवशाची वाटते, कारण केस तुटला तरी त्याची गोल खाच कातडीवर राहते आणि ती दिसते.

मग डोक्यावर या. दोन मोठ्या संयुक्त डोळ्यांच्या मधे तीन साधे डोळे त्रिकोणात असतात. त्यांच्या आसपास केसांच्या जोड्या पाहायच्या. सर्वात पुढच्या साध्या डोळ्याच्याही पुढे एक जोडी असेल तर फ्रँकलिनिएला. ती नसेल आणि फक्त बाजूची व त्रिकोणाजवळची अशा दोनच जोड्या असतील तर थ्रिप्स. या त्रिकोणाजवळच्या जोडीची जागा पुढे फार कामाला येते. पार्विस्पिनसमध्ये ती आखूड आणि त्रिकोणाच्या पुढच्या कडेवर असते. कलिंगड, वांग्यावरच्या पिवळ्या थ्रिप्स पाल्मीत ती त्रिकोणाच्या थोडी बाहेर असते. शुल्ट्झीत ती मागच्या दोन साध्या डोळ्यांच्या मधोमध, एकमेकींना अगदी खेटून उभी असते, आणि ही एक खूण दिसली की शुल्ट्झीबद्दल शंका राहत नाही.

शृंगिकेचे खंड मोजायचा मोह सगळ्यांना होतो, कारण ते लगेच दिसतात. साधारण नियम असा की थ्रिप्समध्ये सात आणि फ्रँकलिनिएलात आठ. पण हवाईएन्सिसमध्ये सातही असतात आणि आठही, म्हणून केवळ या आकड्यावर निकाल देऊ नका. तिसरा खंड पिवळा आणि बाकीचे गडद, हे पार्विस्पिनस आणि हवाईएन्सिस दोघांतही दिसतं. शेंगवर्गीय फुलांतला काळा मेगॅलुरोथ्रिप्स युसिटाटसही त्याच वळणाचा आहे. पण त्याच्या पंखाला मुळाशी आणि टोकाच्या अलीकडे असे दोन फिकट भाग असतात, आणि पोटाच्या पट्ट्यांवर मी आता सांगतो ती कंगोऱ्याची ओळ नसते.

पोटाच्या पाठीकडच्या मागच्या पट्ट्यांवर, दोन्ही बाजूंना, अतिबारीक काट्यांची एक तिरकी ओळ असते. तिला टेनिडियम म्हणतात. आठव्या पट्टीवर ही ओळ श्वासरंध्राच्या मागे आणि आतल्या बाजूला असेल तर थ्रिप्स, पुढे आणि बाहेरच्या बाजूला असेल तर फ्रँकलिनिएला. ही खूण सांगायला सोपी आणि पाहायला अवघड आहे. ती दिसू लागली की हात बसला म्हणायचा. आठवी पट्टी शोधायला टोकाकडून मोजा: टोकाचा शंकू दहावा, त्याच्या आधीचा लांब केसांचा नववा, आणि त्याच्या आधीचा आठवा.

समजा आता प्रजाती थ्रिप्स ठरली. पार्विस्पिनस की हवाईएन्सिस, हा तुमचा खरा प्रश्न तीन जागी सुटतो, आणि तिन्ही जागा एकमेकींना दुजोरा देतात.

पहिली जागा म्हणजे पुढचा पंख. पंखाच्या कडेची लांब झालर सोडून द्या आणि पात्यावर पाहा. दोन लांबट शिरा आहेत, त्यांवर केसांच्या रांगा आहेत. पुढच्या, म्हणजे पहिल्या शिरेवरची रांग मुळापासून टोकापर्यंत अखंड असेल तर पार्विस्पिनस. मुळाशी काही केस, मग मोठी मोकळी जागा, आणि टोकाकडच्या अर्ध्या भागात साधारण तीनच केस असतील तर हवाईएन्सिसच्या गटातला. दोन्ही पंख पाहा, कारण एखादा केस गळालेला असू शकतो आणि कधी कधी एका पंखावर एखादा जास्त असतो. इथे एक गोंधळ नेहमी होतो: फ्रँकलिनिएलातही पहिली शीर अखंड केसांची असते. म्हणूनच डोकं आणि छातीची पट्टी आधी पाहायची, पंख नंतर. उलट्या क्रमाने गेलात तर पार्विस्पिनसला फ्रँकलिनिएला म्हणून मोकळे व्हाल.

दुसरी जागा आठव्या पाठपट्टीची मागची कडा. हवाईएन्सिसमध्ये या कडेला बारीक, लांब दातांचा सलग कंगवा असतो, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. पार्विस्पिनसमध्ये मधला भाग रिकामा. कडेला, अगदी बाजूला, चार-दोन दात दिसले तर दिसले.

तिसरी जागा मला सर्वात आवडते, पण तिथेच नवशिक्याचा सर्वात जास्त वेळ जातो. ती आहे पोटाच्या खालच्या पट्ट्यांवर. काचपट्टीवर किडा पाठ वर करून असतो, त्यामुळे तुम्ही पाठीची पट्टी आणि पोटाची पट्टी एकावर एक, दोन्ही पारदर्शक, अशी पाहत असता. सूक्ष्म फोकसचं चक्र अगदी हळू फिरवा. वरच्या पट्टीच्या आडव्या रेषा धूसर होत जातील, मग क्षणभर काहीच स्पष्ट दिसणार नाही, आणि आणखी थोडं खाली गेलात की पोटाकडची पट्टी उमटेल. प्रत्येक पट्टीच्या मागच्या कडेवर केस आहेत. ते सगळ्याच जातींत असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. तुम्हाला पाहायचे आहेत ते पट्टीच्या मैदानात, कडेपासून पुढे, आडव्या वेड्यावाकड्या रांगेत उभे असलेले जादा केस.

पाल्मी आणि टॅबॅसीत असे जादा केस मुळीच नसतात. पार्विस्पिनसमध्ये ते तिसऱ्या ते सहाव्या पट्टीवर असतात आणि सातवी पट्टी कोरी असते. हवाईएन्सिसमध्ये सातव्या पट्टीवरही असतात, आणि एकूण जास्त दाट असतात. सातवी शोधायला मोजत बसायची गरज नाही. अंडी घालायच्या करवतीच्या मुळाला लागून पुढे जी शेवटची अख्खी पट्टी दिसते तीच सातवी. तिथे मैदान मोकळं आहे की केस आहेत, एवढंच पाहायचं. केस पडले असले तर खाचा दिसतील. खाच म्हणजे केस होता असं धरा.

जोडीला छातीच्या तिसऱ्या खंडाची पाठही पाहून ठेवा. पार्विस्पिनसमध्ये तिथे मधोमध जाळीदार नक्षी असते, मधली केसांची जोडी पुढच्या कडेपासून मागे सरकलेली असते, आणि एरवी काही जातींत या पट्टीवर दिसणारी घंटेच्या आकाराच्या संवेदकांची छोटी गोल जोडी नसते. पाल्मीत ती जोडी असते. पण ही खूण साहाय्यक समजा. सोड्यात कमी राहिलेल्या किड्यात ती नीट दिसत नाही.

पंख, कंगवा आणि सातवी पट्टी, तिन्ही जागा एकच सांगत असतील तर नाव लिहा. दोन एक सांगतात आणि तिसरी दुसरंच, असं झालं तर आधी ती मादीच आहे ना ते पाहा, मग दुसरी मादी बसवा. तरी जुळलं नाही तर ‘थ्रिप्स प्रजाती’ एवढंच लिहून थांबा. थ्रिप्स या एकट्या प्रजातीत जगभर शेकडो जाती आहेत, आणि आपल्या सह्याद्रीच्या कुशीतल्या रानफुलांत काय काय आहे याची मोजदाद अजून पूर्ण झालेली नाही. पन्हाळ्याच्या किंवा आंबोली घाटाच्या बाजूचं रानफूल झटकलं तर शेतातल्या यादीत न बसणारा किडा सहज मिळतो. अपुरं नाव लिहिण्यात कमीपणा काहीच नाही. चुकीचं नाव एकदा नोंदीत गेलं की ते वर्षानुवर्षं फिरत राहतं.

याच कारणाने, खुणा हवाईएन्सिसच्या जुळल्या तरी मी पुतण्याला ‘हवाईएन्सिस-फ्लोरम गट’ असं लिहायला सांगेन. थ्रिप्स फ्लोरम हा त्याचा इतका जवळचा भाऊबंद आहे की वरच्या तिन्ही जागी तो त्याच्यासारखाच वागतो. दोघांना वेगळं करायला आणखी बारीक केसांची तुलना आणि ओळख पक्की झालेले नमुने शेजारी लागतात. शेतीच्या निर्णयासाठी तुम्हाला तो भेद लागणारही नाही. तुम्हाला हवं आहे ते ‘पार्विस्पिनस आहे की नाही’, आणि ते उत्तर या खुणा देतात.

झेंडूच्या फोटोकडे आता येतो. त्यातल्या किड्याचं डोकं शरीराच्या मानाने फारच लहान आहे, छातीची पहिली पट्टी डोक्यापेक्षा ठळकपणे मोठी आहे. झेंडू, शेवंती, सूर्यफूल या कुळाच्या फुलांत राहणारा मायक्रोसेफॅलोथ्रिप्स अ‍ॅब्डोमिनॅलिस असाच दिसतो. काचपट्टीवर खात्री करायला एकच गोष्ट पाहा: पोटाच्या पाठपट्ट्यांच्या मागच्या कडांना त्रिकोणी दातांची झालर असते, करवतीच्या पात्यासारखी ओळीने. ती दिसली की हा किडा वेगळा ठरला. त्याच्याही शृंगिकेला सातच खंड, टेनिडियाही थ्रिप्ससारख्याच, त्यामुळे घाईत तो थ्रिप्स समजला जातो. तो मुख्यतः झेंडूच्याच कुळात रमतो. त्यामुळे तो झेंडूत आहे म्हणून मिरचीच्या काळजीने झेंडू उपटायची गरज नाही. पण झेंडूच्या कुपीतले सगळे किडे तेच आहेत का, हे मात्र दहा-बारा माद्या बसवून पाहा. एका फुलातला एकच किडा बघून ‘या प्लॉटमध्ये ही जात’ असं ठरवणं ही सर्वात जास्त होणारी चूक आहे.

तुमच्या फोटोंबद्दल आणखी एक सांगायला हवं. पहिल्या फोटोत छातीच्या पुढच्या कडेला लांब केस दिसत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय आणि त्यावरून फ्रँकलिनिएला नाही असं ठरवलंय. निष्कर्ष बरोबर असावा, पण कारण कच्चं आहे. त्या मायक्रोस्कोपची ताकद एवढी नाही की तिथला केस नक्की दिसेल. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. गडद पंख ही खूण तुमच्या फोटोत खरोखर दिसते आहे, तिच्यावर भर द्या. कुणालाही फोटो पाठवताना हा फरक लिहून पाठवलात तर समोरच्याला मदत होते.

पाने चुरडणाऱ्या स्किर्टोथ्रिप्सबद्दलही विचारलंय, म्हणून थोडक्यात सांगतो: तो एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही लहान, फिकट पिवळा असतो, पोटाच्या पाठपट्ट्यांवर मधोमध तपकिरी डाग, आणि छातीच्या पहिल्या पट्टीवर जवळजवळ आडव्या रेषांची दाट नक्षी. पोटाच्या बाजू बारीक लवेने भरलेल्या. शेंड्यातून मिळाला तर बहुधा तोच. फुलात मिळाला तरी रंग आणि आकार पाहून तुमच्या तपकिरी किड्याशी गल्लत होणार नाही.

भारतात हे शास्त्र रुजवलं ते टी. एन. अनंतकृष्णन यांनी, चेन्नईच्या लॉयोला कॉलेजात बसून, आणि त्यांच्या काळात डीएनए बारकोड नव्हता. सगळी ओळख या केसांवर आणि खाचांवरच उभी राहिली. आज मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकावरून जात पडताळता येते आणि पिल्लांची ओळख तर त्यामुळे बरीच सोपी झाली. पण बारकोडच्या साठ्यातही एखाद्या नमुन्याचं नाव मुळात चुकीचं नोंदलेलं असू शकतं, म्हणून ज्या किड्याचा डीएनए काढला त्याचीच कातडी काचपट्टीवर जपून ठेवायला हवी. बेंगळुरूच्या नॅशनल ब्युरो ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल इन्सेक्ट रिसोर्सेसमध्ये कीटकांची ओळख पटवून मिळते. पार्विस्पिनसची शंका असेल तर महाविद्यालयातल्या कीटकशास्त्र विभागामार्फत नमुना तिथे पाठवावा.

आता कामाचं. मिरचीची फुलं प्लॉटच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून वेगवेगळी झटका, प्रत्येक जागेची कुपी वेगळी. पुतण्याला म्हणावं, प्रत्येक कुपीतल्या निदान पाच माद्या बसव आणि प्रत्येकीसाठी एका कागदावर लिही: पहिल्या शिरेवर रांग अखंड की खंडित, आठव्या पट्टीचा कंगवा पूर्ण की मधे रिकामा, सातव्या खालच्या पट्टीवर केस आहेत की नाहीत. नाव शेवटी लिहायचं, आधी नाही. आधी नाव मनात धरलं की डोळा तेच शोधत राहतो. बहुतेक माद्या अखंड रांग, रिकामा कंगवा आणि कोरी सातवी पट्टी दाखवत असतील तर दुकानदार बरोबर होता आणि प्लॉटमध्ये पार्विस्पिनस आलाय. मग निळे चिकट सापळे, गळलेली फुलं वेचून नष्ट करणं आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवणं, हे त्याच आठवड्यात करा. खंडित रांग, पूर्ण कंगवा आणि केसाळ सातवी पट्टी निघाली तर फवारणी थांबवा, फुलामागे किडे किती ते मोजत राहा आणि फळं वेडीवाकडी होताहेत का ते पाहा. दोन्ही निघाले तर कोणत्या कोपऱ्यात कोण जास्त आहे ते कागदावर मांडून मला पाठवा. शेडनेटच्या कुठल्या बाजूने किडा आत येतोय हे त्यावरून कळू शकेल.